बॅटरीने बसवलेली बेल

मीटरकाकांचं निम्मं आयुष्य परक्या दारांसमोर उभं राहण्यात गेलं. वीज कंपनीत ते मीटर वाचायच्या कामावर होते. बेल दाबायची, "मीटर!" म्हणून हाळी द्यायची, जिन्याखालच्या कोनाड्यात नाहीतर चपलांच्या ढिगामागे वाकून आकडा टिपायचा आणि पुढचं दार गाठायचं. गल्लीतली पोरं त्यांना मीटरकाका म्हणायला लागली, मग पोरांच्या आयाही. निवृत्त झाल्यावर तर त्यांच्या बायकोलाच लोक मीटरकाकू म्हणू लागले. काकूंना ते अजिबात आवडायचं नाही.

नोकरीत काकांना दोस्त मिळाला तो एकच, पण पुरून उरेल असा. त्याचं नाव बॅटरी पडलं होतं. एक तर अंधाऱ्या कोनाड्यात मीटर शोधायला त्याच्या खिशात कायम हातबॅटरी असायची. आणि दुसरं म्हणजे एकदा बोलायला लागला की हा गडी उतरायचा नाही. दोघं बरोबरच कामाला लागले, शेजारशेजारच्या भागांत फिरले आणि दुपारचा डबा एकाच बाकावर बसून खात आले.

लोक घरात असून नसल्याचं सोंग करायचे, त्याचा काकांना भारी संताप. बेल वाजली की आतला टीव्ही झपकन गप्प व्हायचा, कुजबुज ऐकू यायची, पण कडी काही निघायची नाही. बॅटरीला मात्र त्यात गंमत वाटायची. एकदा दोघं मिळून फिरत होते, तेव्हा एका घरी मालक खिडकीच्या पडद्याआड लपले होते. पडदा होता आखूड. खाली दोन पावलं दिसत होती. बॅटरी मोठ्यानं म्हणाला, "पायांनो, तुम्ही आतच थांबा. मीटर बाहेर आहे, माझं मी बघून घेतो." पडदा गदगदा हलायला लागला. मग दार उघडलं आणि त्या गृहस्थांनी हसत हसत दोघांना आत बसवून पाणी दिलं.

शिवाय त्यांना लपून फायदा नव्हताच. कुणी घरात आहे की नाही, हे या दोघांना मीटर बघून कळायचं. जुन्या मीटरमधली चकती सावकाश फिरत असली की समजायचं, एकटा फ्रिज चालू आहे. गरगरा फिरत असली की आत पंखा आहे, टीव्ही आहे, म्हणजे माणूस आहे. पुढे चकत्या गेल्या आणि लाल दिव्यांची मीटरं आली. वीज जास्त जाळली की दिवा जास्त लुकलुकायचा. काही काळानं तर ऑफिसात बसल्या बसल्याच आकडे समजायला लागले. मग दारोदार फिरायला माणसं लागेनात, आणि त्याच सुमारास ही जोडी निवृत्त झाली.

काकांचं घर बैठं होतं. पुढे दोन पायऱ्या, छोटं फाटक, दाराशेजारच्या भिंतीवर मीटर. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली. बॅटरीचा मुलगा तर विमानानंच गाठावं इतका लांब. बॅटरीची बायको वारली तेव्हा मुलगा आला, राहिला, "बाबा, चला माझ्याकडे" म्हणाला आणि परत गेला. बॅटरी गेला नाही. "तिथे मी कुणाशी बोलू?" असं तो काकांना म्हणाला.

तेव्हापासून तो रोज दुपारी काकांकडे यायला लागला. यायचा, पंख्याखालची खुर्ची ओढायचा, वर्तमानपत्र उघडायचा आणि बातम्या मोठ्यानं वाचून दाखवायचा, जणू काही काकांना वाचताच येत नव्हतं. मग जुने किस्से. पडद्यामागचे पाय तर इतक्यांदा येऊन गेले की काकू स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य आधीच म्हणायच्या. "वहिनी, तुम्ही माझा धंदा बुडवणार!" असं बॅटरी म्हणायचा आणि तरीही किस्सा पुरा करायचा.

अशात गल्लीत एक चोरी झाली. मुलीला ते कळलं आणि तिनं कॅमेऱ्याची बेल पाठवून दिली. बाहेरच्यानं बटण दाबलं की मोबाइलवर त्याचा चेहरा दिसणार, आणि दार न उघडता आतून त्याच्याशी बोलता येणार. काकांनी पुस्तिका वाचून ती बेल दाराच्या चौकटीवर स्क्रूनं बसवली. बेलच्या पोटात चार्जिंगची बॅटरी होती, म्हणून तारेची भानगड नव्हती.

भानगड नंतर कळली. गल्लीतून मांजर गेलं तरी बेल जागी व्हायची आणि मोबाइल टुणकन वाजायचा. दूधवाला, शाळेतली पोरं, वाऱ्यानं उडालेली पिशवी, सगळ्यांची चित्रं काढून काढून बिचारी थकायची आणि आठवडा-दोन आठवड्यांत मान टाकायची. मग ती उतरवून घरात चार्जिंगला लावायची. तेवढा वेळ काकू दारावर कागद चिकटवत: "बेल आत चार्ज होत आहे. दार वाजवावे." घरात गोंधळही उडायचा. काकूंनी "अहो, बॅटरी आली!" म्हटलं की काका "एवढ्यात चार्ज झाली?" म्हणून उठायचे, आणि दारात बॅटरी उभा असायचा, पायातल्या चपला काढत.

बॅटरीनं तो कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"आयुष्य वीज कंपनीत काढलंस आणि दारावर हा फलक? अरे, पेशंटसारखं हिला सारखं सलाईन कशाला? तारेवर घेऊ हिला."

दुसऱ्या दिवशी तो पेचकस, टेस्टर आणि ड्रॉवरमधला एक छोटा ट्रान्सफॉर्मर घेऊन हजर. जुनी डिंगडाँग घरातल्या सरळ विजेवर चालायची. ही नवीन बेल नाजूक, हिला वीज सौम्य करून द्यावी लागते आणि त्यासाठी मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. मेन स्विच बंद झाला, काकूंनी फ्रिजमधल्या दुधाची काळजी केली, बॅटरी स्टुलावर चढला आणि काकांनी स्टूल धरलं. जुन्या बेलची तार भिंतीत होतीच. दाराच्या आतल्या बाजूला वर पेटी बसवली, तिच्यात ट्रान्सफॉर्मर ठेवला आणि तारा जोडल्या. बेल चालू झाली. मोबाइलवर "बॅटरी" च्या जागी विजेचं चिन्ह आलं तेव्हा दोघांनी टाळी दिली.

पण संध्याकाळ झाली की बेल आपोआप बंद पडायची आणि सकाळी पुन्हा जिवंत व्हायची. काका म्हणाले, वस्तूच खराब असणार, परत पाठवू. बॅटरी ऐकेना. दोन संध्याकाळी तो पायरीवर बसून राहिला, बेलकडे बघत. शेवटी म्हणाला, "अंधार पडला की ही आपल्याला न दिसणारा दिवा लावते, अंधारात बघायला. तेवढी ताकद माझ्या ट्रान्सफॉर्मरला पेलत नाही. माझ्यासारखाच तो, वय झालंय." त्यानं जरा मोठा ट्रान्सफॉर्मर आणून लावला. त्यानंतर बेल कधी बंद पडली नाही.

मग तपासणी. बॅटरी बाहेर, काका आत स्वयंपाकघरात मोबाइल घेऊन.

"ऐकू येतंय का रे?" पडद्यावर बॅटरीचं नाक भलंमोठं दिसत होतं.

"येतंय. जरा मागे हो, नुसत्या नाकपुड्या दिसताहेत."

"फर्स्टक्लास!" बॅटरी खूश झाला. "तू स्वयंपाकघरात आहेस की चंद्रावर, बाहेरच्याला काही पत्ता लागायचा नाही बघ."

काही महिने असेच गेले. बॅटरी येतच होता आणि काका कंटाळायला लागले होते. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण जेवण झालं की त्यांचं लक्ष मोबाइलकडे जायचं आणि आता वाजेल म्हणून कपाळाला आठ्या पडायच्या. वयानं झोप दुपारीच यायची, आणि दुपार बॅटरीच्या मालकीची झाली होती. एकदा तर तो दिवेलागणीपर्यंत हलला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट.

ऊन कडक होतं. काकांचं डोकं जड झालेलं. बाहेरच्या खोलीत कूलर लावून, खिडक्या ओढून ते आडवे झाले होते. काकू मागच्या अंगणात कपडे धूत होत्या. डोळा लागतो न लागतो तोच उशाशी मोबाइल वाजला. पडद्यावर बॅटरी होता. घाम पुसत होता आणि हातात कसलीशी पिशवी होती.

आज नको, असं काकांना वाटलं. फक्त आज नको. तेवढं म्हणायला काय हरकत होती? "गड्या, आज डोकं दुखतंय, उद्या ये," असं म्हटलं असतं तर बॅटरी दोन शिव्या हासडून, चार घरगुती औषधं सांगून निघून गेला असता. पण आत घेतल्याशिवाय तो जाईल अशी खात्री काकांना वाटेना, आणि बोलायचं बटण अंगठ्याखालीच होतं.

"अरे, आम्ही बाहेरगावी आलोय," काका म्हणाले. "मुलीकडे."

"असं होय!" बॅटरीनं कॅमेऱ्याकडे बघून मान डोलावली. "काल काही बोलला नाहीस?"

"अचानक ठरलं."

"बरं बरं. परत कधी?"

"चार-आठ दिवस लागतील."

हातातली पिशवी त्यानं दुसऱ्या हातात घेतली. "एक काम होतं तुझ्याकडे. असू दे. आल्यावर बोलू. पोरीला आशीर्वाद सांग."

काकांनी सुटकेचा श्वास सोडला, पण मोबाइल बंद केला नाही. बॅटरी जायला वळला होता. वळता वळता त्याची नजर भिंतीवर गेली आणि तो थबकला. मग वाकला. उन्हात लाल दिवा नीट दिसत नाही, म्हणून त्यानं मीटरवर तळहाताची सावली धरली, जशी हजारो घरांत धरली होती तशी. काकांना मोबाइलवर त्याचं टक्कल आणि तो आडवा हात तेवढा दिसत होता. उशाशी कूलर घोंघावत होता. दिवा किती भराभर लुकलुकत असेल, हे काकांना न बघताही सांगता आलं असतं.

बॅटरी तसाच वाकून राहिला. मग सरळ झाला. त्यानं दाराकडे पाहिलं नाही, कॅमेऱ्याकडेही नाही. पायऱ्या उतरला, फाटक ओढून घेतलं, त्याची कडी नीट लावली आणि उन्हातून निघून गेला.

काका उठून दारापर्यंत गेले होते. कडीला हातही लावला होता. पण दार उघडून म्हणायचं काय? फाटकापाशी गाठलं असतं तर काही ना काही सुचलंच असतं, खोटं तर खोटं, हसण्यावारी तरी नेता आलं असतं. ते आत उभेच राहिले. पावलं ऐकू येईनाशी झाली तरी हात कडीवरच होता.

"कोण होतं हो?" काकूंनी मागून विचारलं.

"कुणी नाही. पार्सलवाला. घर चुकला."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तो काकूंनी उचलला. बेलची चित्रं आवाजासकट मुलीच्या मोबाइलवरही जातात, हे काका साफ विसरले होते.

"आई, तुम्ही दोघं माझ्याकडे आलायत म्हणे," मुलगी हसत म्हणाली. "मग मला दिसत कसे नाही?"

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि काकांसमोर येऊन बसल्या.

"हा पार्सलवाला होता?"

काकांनी हातातला मोबाइल पालथा ठेवला.

"अहो, ज्यानं ती बेल लावली त्यालाच तिच्यातून खोटं बोललात? उठा. पायात चपला घाला आणि आत्ताच्या आत्ता जा त्यांच्याकडे."

"आत्ता गेलो तर काय सांगू? सकाळी आलो, असं उद्या-परवा सांगतो. म्हणजे बरं दिसेल."

"दिसायचं काय राहिलंय त्यात?" काकू म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

पण काका गेले नाहीत. बॅटरीला कळलंय, हे त्यांना ठाऊक होतं, आणि कळलं नसेल अशी आशाही सुटत नव्हती. दिवा फ्रिजचा असेल, असं समजला असेल. चुकून पंखा चालू राहिला असेल, असं वाटलं असेल. तरीही बाहेरगावी असल्याचं सोंग पुरं करायला ते स्वतःच्या घरात कोंडून बसले. काकू या सोंगात सामील नव्हत्या; दळण त्यांनी आणलं, भाजी त्यांनी आणली. रस्त्यानं कुणी गेलं की काका खिडकीपासून मागे सरकायचे. मोबाइलवर ते चित्र ते पुन्हा पुन्हा लावायचे. टक्कल, सावली धरलेला हात. दर वेळी वाटायचं, आता हा मागे वळून बघेल. तो बघायचा नाही.

आठवडा उलटल्यावर ते निघाले. वाटेत बेकरीतून बिस्किटांचा चांगला डबा घेतला, मुलीच्या गावाहून आणला म्हणून द्यायला. काकू बरोबर आल्या नाहीत. "तुमचा प्रवास, तुम्हीच करा," असं म्हणाल्या.

बॅटरीनं दार उघडलं. त्याच्या उजव्या डोळ्यावर पारदर्शक झाकण चिकटपट्टीनं लावलेलं होतं.

"अरे! हे काय झालं?"

"मोतीबिंदू काढला. आत या ना. बसा."

काका बसले. एवढ्या वर्षांत बॅटरी त्यांना कधी "या, बसा" म्हणाला नव्हता. आधी त्यांना वाटलं, चेष्टा करतोय. ते हसणारही होते.

"मुलगी बरी आहे?" बॅटरीनं विचारलं. "प्रवासाचा त्रास नाही ना झाला तुम्हाला?"

"नाही. म्हणजे..." काकांनी डबा पुढे केला. बॅटरीनं तो दोन्ही हातांनी घेतला, "कशाला त्रास घेतलात" म्हणाला आणि टेबलावर ठेवला, त्या दिवशीच्या पिशवीशेजारी. पिशवीतून दवाखान्याचे कागद डोकावत होते. डब्यावर कोपऱ्यावरच्या बेकरीचा शिक्का होता. तो काकांना आत्ता दिसला. बॅटरीला उरलेल्या डोळ्यानं दिसला की नाही, कळलं नाही.

"एकटाच गेलास दवाखान्यात?"

"तसं ते एकट्याला घेत नाहीत. बरोबर माणूस लागतं, न्यायला-आणायला, सही करायला. तारीख अचानक मिळाली होती." कोर्टात साक्ष द्यावी तसा तो मोजकं बोलत होता. याच माणसानं एरवी ऑपरेशनचा दिवसभराचा किस्सा केला असता. डॉक्टरची नक्कल केली असती, नर्सला दिलेली उत्तरं सांगितली असती. "टॅक्सीवाला भला निघाला. म्हणाला, काका, मी थांबतो. त्यानंच सही केली. नात्याच्या जागी काय लिहू म्हणून विचारत होता."

"काय लिहिलं?"

"मी म्हटलं, मित्र लिही."

काका हातांची बोटं एकमेकांत गुंतवून बसले होते. मग त्यांनी एकदाचं म्हणून टाकलं, "मी त्या दिवशी घरीच होतो."

"हो," बॅटरी म्हणाला. "चहा घेणार ना तुम्ही?"

रागावला असता, दोन मुस्काटात भडकावल्या असत्या, "तुला लाज नाही वाटली?" म्हणून विचारलं असतं, तर काकांनी पाय धरले असते. पण तो चहा ठेवायला आत गेला. एका डोळ्यानं साखरेचा डबा चाचपत होता. काका मदतीला उठले तर "बसा, बसा, तुम्ही पाहुणे" म्हणाला. काकांना आठवत होतं, बॅटरीची बायको गेली त्या आठवड्यात याच ओट्याशी उभं राहून त्यांनी दोघांसाठी भात लावला होता आणि तो करपला होता, आणि तोच दोघांनी खाल्ला होता. चहा झाला. हवेबद्दल बोलणं झालं. काका घरी आले.

त्यानंतर बॅटरी त्यांच्याकडे आला नाही. रस्त्यात भेटला की थांबायचा, "नमस्कार, ठीक आहात ना? वहिनींना सांगा" म्हणायचा. त्यात खोट काढायला जागा नव्हती. दुपारी काकांना हवी तेवढी झोप घेता येऊ लागली. पण आता ती येत नव्हती. जेवण झालं की ते मोबाइल हातात घेऊन पडायचे. टुणकन वाजला की बघायचे. मांजर असायचं.

एक दिवस ते चित्रही मोबाइलवर सापडेना. महिना झाला की जुनी चित्रं आपोआप पुसली जातात, असं मुलीनं सांगितलं. "बाबा, हवं होतं का काही त्यातलं?" तिनं विचारलं. काका नाही म्हणाले.

बॅटरीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्याचं काकूंना बाजारात कळलं. काका त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेले. या वेळी हातात डबा नव्हता.

"या वेळी मी येतो बरोबर," दारातच ते म्हणाले. "नाही म्हणू नकोस."

"अहो, कशाला? त्या टॅक्सीवाल्याचं ठरलंय," बॅटरी म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुठे खोच नव्हती, खरंच ठरलं होतं. "तो सुट्टी काढणार आहे. आता त्याला नाही म्हटलं तर वाईट वाटेल त्याला."

ऑपरेशन नीट झालं. काका भेटायला गेले तेव्हा घरापुढे टॅक्सी उभी होती. दार सताड उघडं होतं. आतून बॅटरीचा जुना आवाज येत होता, चढता, हातवारे करणारा. पडद्यामागच्या पायांपर्यंत किस्सा येऊन ठेपला होता. टॅक्सीवाल्यानं तो पहिल्यांदाच ऐकला असावा. तो खो खो हसत सुटला. काका पायरीशी उभे राहिले आणि हसणं ओसरल्यावर आत गेले.

टॅक्सीवाल्यानं उठून त्यांना खुर्ची दिली. बॅटरीनं "या, या" म्हणून ओळख करून दिली, "हे आमचे जुने ऑफिसातले." काकांनी औषधांची चौकशी केली, पाणी प्यायलं आणि निघाले.

घरी काकू पायरीवर भाजी निवडत बसल्या होत्या. "कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"छान आहे," काका म्हणाले. "खूप बोलतोय."

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सरकून जागा करून दिली. काका बसले. बराच वेळ दोघं मिळून शेंगा सोलत राहिले.